खाटेचा जोडीदार

१

रंगगल्लीच्या तोंडाशी एक कोरडा हौद आहे. माझे लोक तिथं जमतात. पायांत नवे बूट, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, आणि चेहऱ्यावर 'बघू या, बाई काय दाखवते' असा भाव. मी छत्री उंच धरते, घसा साफ करते आणि सुरू होते.

"मंडळी, आज आपण जिथून चालणार आहोत ती गल्ली या शहरात असूनही या शहराची कधी झाली नाही. इथं राहिले ते सगळे बाहेरून आलेले. कापड रंगवायला आले आणि हात रंगवून बसले."

इथं हमखास कोणीतरी हसतं. मग आम्ही निघतो. कारखान्याचं फाटक, कालव्याकाठचे धुण्याचे दगड, एकच खुर्ची उरलेलं न्हाव्याचं दुकान, आणि शेवटी खाटघर.

माझं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. ह्याला त्याच्याशी जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे काम. लग्न राहून गेलं. आई गेली, मग अण्णांचं दुखणं निघालं, ते मी काढलं. अण्णाही गेले तेव्हा घरात घड्याळाचा आवाज इतका मोठा झाला की मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवून दिलं. त्याच सुमारास कळलं की रंगगल्ली जपणाऱ्या संस्थेला माहिती सांगणारी माणसं हवी आहेत.

मी लहान असताना अण्णा याच गल्लीत कामाला होते. मी पाटीवर अक्षरं गिरवत होते तेव्हा गेले, आले तेव्हा मी माझी वेणी माझी मी घालत होते. मधल्या वर्षांबद्दल ते कधी बोलले नाहीत. फारच खोदलं तर म्हणायचे, "काम होतं, खाट होती. आणखी काय लागतं माणसाला?"

म्हणून मी घर बंद केलं आणि इथं आले. कालव्यापलीकडे एक खोली भाड्यानं घेतली. बापानं तुडवलेली गल्ली तरी डोळ्यांखालून घालू, म्हटलं.

२

खाटघरात खोली भाड्यानं मिळत नसे. खाट मिळे. वरच्या मजल्यावरची एक खोली संस्थेनं तशीच ठेवली आहे. भिंतींना टेकून लोखंडी खाटा, खाटांखाली पत्र्याच्या पेट्या, भिंतीत सदरे टांगायचे खिळे, खिडकीपाशी रॉकेलचा स्टोव्ह. पर्यटकांनी पलीकडे जाऊ नये म्हणून मधे एक दोरी बांधली आहे.

इथं मी आवाज उतरवते.

"एका खाटेचे दोन भाडेकरू असत. एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. एक डोळे चोळत उठायचा आणि दुसरा त्याच्याच उबेत पाठ टेकायचा. त्यांना एकमेकांचे जोडीदार म्हणत. भेट म्हणाल तर तेवढीच. पण तेवढ्यात रोज थोडं थोडं बोलून एकमेकांचं घर पाठ होऊन जायचं. याच्या बायकोचं दुखणं त्याला ठाऊक, त्याच्या घराच्या गळक्या कोपऱ्याची याला काळजी. कधी तिकडे गेले नाहीत, पण गेले असते तर दिवा न लावता फिरले असते."

हे मला जुन्या कामगारांच्या मुलांनी सांगितलेलं. ऐकून लोक जिना उतरताना एकमेकांचे हात धरतात. माझा हात छत्रीत असतो.

त्या दिवशी जिन्यात एक बाई माझ्या मागे राहिल्या. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या, फेरीच्या सुरुवातीला स्वतःहून सांगितलं होतं.

"तो माणूस आजारी आहे का हो?"

"कोणता?"

"कोपऱ्यातल्या खाटेवरचा. तोंड भिंतीकडे करून झोपलाय. श्वास बरा वाटला नाही मला."

"वळकटी असेल हो ती गादीची," मी हसले.

"बाई, माणूस कुठला आणि वळकटी कुठली, एवढं कळलं नसतं तर मला पहिल्याच महिन्यात घरी पाठवली असती."

त्याही हसल्या, पण जिन्यावरून हलेनात. शेवटी खाली बसलेल्या रखवालदाराला घेऊन आम्ही परत वर गेलो. कोपऱ्यातली खाट सपाट होती. चादर पायथ्यापर्यंत ताणलेली.

"इथं फुकट झोपायला मिळतं म्हटल्यावर पहिला नंबर माझा," रखवालदार म्हणाला. "मला सोडून दुसरा कोण झोपणार?"

परिचारिकाबाई पुटपुटत उतरल्या. मी दोरीखालून वाकून गेले आणि चादरीवर हात फिरवला. का फिरवला, सांगता येत नाही. चादर उबदार होती. नुकताच कुणी उठून गेल्यावर असते तशी, मधोमध, अंगाच्या लांबीएवढी.

त्या कोपऱ्यात ऊन येत नाही. मी स्वतःला सांगितलं, कुणीतरी हळूच जाऊन बसलं असेल. माणसांना दोरी दिसली की पलीकडे जावंसंच वाटतं.

३

त्यानंतर मी त्या खोलीत कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहू लागले. वाईट सवय. न बघितल्यानं कान जास्त उघडे राहतात. दुसरा त्याच्या उबेत पाठ टेकायचा, हे वाक्य आलं की मागे खाटेची तार कुरकुरायची. लोक एवढे गर्दी करून उभे असतात, जुनी जमीन, पायाखालच्या फळ्या, कुरकुरणारच. मी ते वाक्य गाळून पाहिलं. त्या दिवशी कुरकुर झाली नाही, पण कुणीतरी घसा खाकरला, जसा माणूस पुढचं विसरलेल्याला आठवण करून देतो.

"काही विचारायचंय का?" मी घोळक्याला विचारलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. कुणी खाकरलेलं दिसेना.

मग एक नवरा-बायको आले, नवीन लग्नाचे. फेरी संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे धावत आली.

"ताई, वरचा तो नट फार छान करतो हो! मला वाटलं खरंच झोपलाय. सगळे उतरले तरी मी फोटो काढत मागे होते, तर तोंड न वळवता मला विचारतो, 'तो आला का? खाली भेटला का?' अंगावर काटा आला."

संस्थेत नट नाहीत. संस्थेत मी, रखवालदार आणि एक गळका नळ आहे. पण मी तिला ते सांगितलं नाही.

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, 'भिंगरी केवढी झाली असेल?' आम्ही मागच्या चौकात विकत घेतली होती ना, लाकडाची भिंगरी? मला वाटलं, तीच दिसली त्याला. पण भिंगरी कशी मोठी होईल?"

"म्हातारा आहे का?" माझा आवाज मलाच लांबून आला.

"छे हो! आमच्या ह्यांच्यापेक्षा थोडाच मोठा असेल."

ती गेली. मी हौदाच्या कठड्यावर बसून राहिले.

भिंगरी हे खेळण्याचं नाव आहे. दुकानात मिळतं. कुणाच्याही तोंडी असू शकतं. हे सगळं मला पटत होतं. आणि तरी मला आमच्या जुन्या घराचा उंबरा दिसत होता, त्यावर उभं राहून मला हाताला धरून गरगर फिरवणारे अण्णा दिसत होते. चेहरा दिसत नव्हता, इतकी लहान होते मी. आवाज होता. "माझी भिंगरी गं, एका जागी टिकायची नाही."

गल्लीतून परत आलेले अण्णा मला 'बाळ' म्हणायचे. मरेपर्यंत बाळच म्हणाले. मी कितीतरी दिवस वाट बघितली होती त्या दुसऱ्या हाकेची. मग वाटलं, आपण मोठ्या झालो, मोठ्या मुलीला कोण भिंगरी म्हणतं!

४

आत्या अजून आहे. अण्णांची धाकटी बहीण. ऐकायला कमी येतं, तिखट तेवढीच आहे. तिला फोन लावला. आधी गुडघ्यांची चौकशी झाली, मग मी विचारलं.

"आत्या, परत आले तेव्हा अण्णा खूप बदलले होते का गं?"

"माणूस बदलतोच की. तू बदलली नाहीस?"

"मला भिंगरी म्हणायचे आधी. नंतर कधीच म्हणाले नाहीत."

पलीकडे एवढा वेळ काही ऐकू येईना की फोन तुटला असं मला वाटलं. एक्स्चेंजची सवय, मी दोनदा हॅलो म्हणाले.

"ऐकतेय," आत्या म्हणाली. "आता कशाला उकरतेस?"

"काय उकरतेय मी?"

"तुझ्या आईनं दार उघडलं. मी मागेच उभी होते, हातात केरसुणी होती. बाहेर तो उभा. दाढी वाढलेली, केस पिकायला लागलेले. तुझी आई बघत राहिली. खूप वेळ बघत राहिली. त्यानंही मान खाली घातली नाही. शेवटी तीच म्हणाली, 'हातपाय धुवून घ्या, वाढते.' झालं. घराच्या मालकिणीनं आत घेतल्यावर नणंदेनं काय बोलायचं?"

"पण तू बहीण होतीस."

"होते म्हणूनच तर सांगतेय, नको विचारू." तिचा आवाज चिरका झाला. "तुझी फी कुणी भरली? तू तापानं फणफणलीस तेव्हा उशाशी कोण बसलं? तुझ्या आईवर कधी आवाज चढवला त्यानं? मग? बाप म्हणजे आणखी काय असतं?"

तिचं खरं होतं. सायकलच्या दुकानात काम करून, हाताला ग्रीस लावून घरी येणारा तो माणूस मला जगात सगळ्यांत जवळचा होता. त्याच्यासाठी मी माझी नोकरी सोडली, रात्री जागले, त्याचं अंग पुसलं.

"आणि तुमचा भाऊ?" मी नकळत 'तुमचा' म्हणाले. "तो कुठं गेला, आत्या?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली, आणि या खेपेला फोन खरोखरच तुटला.

मग आठवलं. शेवटच्या दिवशी अण्णांना भान नव्हतं. मी पाणी पाजत होते. माझा हात बाजूला सारून ते एकदम दाराकडे बघून म्हणाले, "त्याला उठवा रे कुणी. माझ्या सांगण्यावरून झोपलाय तो." मला वाटलं, तापात बरळतायत.

५

सोमवारी फेरी नसते. दुपारी मी खाटघरात गेले. रखवालदार डबा उघडून बसला होता.

"सुट्टीच्या दिवशी पण? बाई, घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?"

"नाही," मी म्हणाले.

तो ओशाळला. काही न बोलता त्यानं किल्ली पुढे केली.

वर खोलीत दुपारचा उजेड होता, धूळ होती, बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत होतं. कोपऱ्यातली खाट सपाट होती. मी दोरीच्या अलीकडच्या एका पेटीवर बसले, स्टोव्हकडे तोंड करून. रखवालदाराचं जेवण होईपर्यंत बसायचं आणि जायचं, असं ठरवलं होतं. वेड लागलेल्या बाया असतात तशा आपण झालो, असंही मनात येत होतं. एकटं राहिलं की होतं असं. माझ्याबरोबरची एक ऑपरेटर निवृत्त झाल्यावर बंद फोनशी बोलायची.

खोली इतकी गप्प होती की मला ते सहन होईना. मी बोलायला लागले. दुसरं काय बोलणार, रोजचंच बोलले.

"एका खाटेचे दोन भाडेकरू असत. एक उठायचा आणि दुसरा त्याच्याच उबेत..."

तार कुरकुरली. मग लांब, जड श्वास. झोपमोड झालेला माणूस सोडतो तसा.

"उजाडलं का मावळलं?"

आवाज घोगरा होता, झोपेनं जाड झालेला, आणि तरुण. माझ्यापेक्षा कितीतरी तरुण. मी स्टोव्हच्या पितळी टाकीकडे बघत राहिले.

"दुपार आहे," मी म्हणाले.

"मग अजून आला नाही तो."

"कोण?"

"जोडीदार." थोडं थांबून, "मला ताप होता. म्हणाला, आज उठू नको. झोप तू. तुझ्या घरचं मी बघतो."

हातगाडीचा आवाज लांब गेला.

"त्यांनी बघितलं," मी म्हणाले. "सगळं बघितलं. काही कमी पडू दिलं नाही."

"बघणारच. शब्दाचा पक्का आहे." तो समाधानानं हलला. तार परत वाजली. "आता म्हणावं, ये आणि झोप. माझं पुष्कळ झालं."

"ते गेले," मी म्हणाले. "आता नाही येणार."

हे सांगायला नको होतं का? मी अजून ठरवू शकलेले नाही. कुणीतरी सांगायलाच हवं होतं, आणि दुसरं कुणी नव्हतं. उतरून जावं असं वाटलं तेव्हा तो म्हणाला, अगदी साधेपणानं,

"मग मलाच उठायला हवं."

आणि मी मान वळवली.

पूर्ण नाही वळवली. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. भिंतीकडे तोंड केलेली मान होती, काळ्याभोर केसांची. बनियनातून वर आलेलं खांद्याचं हाड. आणि खाटेवरून खाली सोडलेला एक हात, मनगटापर्यंत निळा, जमिनीवर काहीतरी चाचपत होता. त्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकडी होती.

माझी दोन्ही हातांची तशी आहे. आईची नव्हती. अण्णांची नव्हती. मी अण्णांचे हात रोज पुसलेत, मला माहीत आहे.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही वयानं मोठ्या आहात, तुम्हाला वाटा ठाऊक असतील. मला घरी जायचंय. तुमच्या मागोमाग येतो."

खाटेखालची पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज झाला. तो वळायच्या आत मी उठले आणि जिन्याकडे निघाले.

६

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माझ्यामागे पेटी आपटत होती. घाईनं नाही. जड सामान असलेला माणूस एकेक पायरी उतरतो तशी.

"वर कुणी राहिलं नाही ना?" रखवालदारानं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं फाटक उघडलं. मी बाहेर पडले, पण त्यानं फाटक लोटलं नाही. ते धरून, अंग चोरून तो बाजूला उभा राहिला. मग थोड्या वेळानं, जणू आपण हे का केलं ते त्यालाच उमगेना अशा चेहऱ्यानं, त्यानं फाटक लावलं.

कालव्याच्या पुलावर मी भराभर चालले. भर दुपार, माणसं, सायकली, कुणाचं तरी पोर रडत होतं. इतक्या उजेडात अशा गोष्टी होत नाहीत. मी एका दुकानासमोर थांबले तर मागचा आवाजही थांबला. निघाले तर निघाला. पोलिसाला काय सांगणार? माझ्यामागे कुणीतरी सामान घेऊन येतंय, एवढंच ना? रस्त्यानं निम्मी माणसं सामान घेऊन जात होती.

आणि सांगायला लाज वाटते, पण मला पळावंसं वाटत होतं तितकंच हेही वाटत होतं की मागचा आवाज मधेच कुठं थांबू नये. किती वर्षांत माझ्यामागून माझ्या घरी कुणी आलं नव्हतं. एका चौकात गर्दीत तो ऐकू येईना तेव्हा मी, मी स्वतः, चप्पल नीट करायच्या मिषानं उभी राहिले.

माझ्या इमारतीचा जिना अरुंद आहे. दार उघडलं. आत जाऊन कडी लावायची, बस. हात कडीपर्यंत गेलाही होता. मी तो मागे घेतला, दार तसंच उघडं ठेवलं, आणि मोरीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नळ सोडला. परत बंद केला.

पेटी उंबऱ्यापर्यंत आली. जमिनीवर टेकवल्याचा आवाज झाला. मग तो दमलेला श्वास, आता माझ्याच खोलीत.

तो सगळीकडे बघत असणार. काय दिसलं असेल? एक पलंग, एक खुर्ची, एक ताट पालथं घातलेलं.

"बाई," तो हळूच म्हणाला. परक्या घरात बोलतात तसा, अदबीनं. "मुलीला बाहेर पाठवता का जरा? आतल्या खोलीत खेळत असेल. तिला म्हणावं, मी आलोय."

आतली खोली नाहीच. एकच खोली आहे. पुढे भिंत, भिंतीवर माझी सावली, पिकल्या केसांचा अंबाडा घातलेल्या बाईची. मी वळले असते तर मला तो दिसला असता. त्याचं भय होतंच. पण त्याहून मोठं भय दुसरं होतं. मी वळले असते तर त्याला मी दिसले असते.

"झोपलीय का?" त्यानं विचारलं. आवाजात आता जरा काळजी होती.

मी डोळे मिटले. जमेल तेवढा आवाज बारीक केला.

"आले हं," मी म्हणाले. "आलेच."